जुन्या मुक्कामी एक दिवस

ज्या शहरात आपण उमेदीची वर्षे काढली, आणि पुढे बदलीपायी, संसारापायी किंवा केवळ जागेच्या टंचाईपायी जे आपल्याला सोडावे लागले, त्या शहरात काही काम नसताना एक अख्खा दिवस घालवणे पुष्कळांना शक्य असते. पण तो दिवस काढणारे लोक फार थोडे. लग्नकार्याला, इस्पितळात कोणाची विचारपूस करायला, किंवा एखाद्या कचेरीत अडकलेला कागद सोडवायला म्हणून आपण तेथे जातो खरे. परंतु सकाळच्या गाडीने गेलेला माणूस रात्रीच्या गाडीने परत येतो, आणि शहराशी त्याची जी भेट होते ती टॅक्सीच्या खिडकीपुरती. मुंबई सोडून पुण्यास, नाशिकला, कोकणातल्या मूळ गावी किंवा डोंबिवली-बदलापूरकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या गेल्या दोन-तीन पिढ्यांत एवढी वाढली आहे की, असा दिवस कसा आखावा, त्या दिवशी काय पाहावे, आणि जे पाहावयाचे ते आज जसे आहे तसे कशाने झाले, हे थोडे विस्ताराने सांगणे उपयोगाचे ठरेल असे मला वाटते.

पहिली गोष्ट वाराची. रविवारी कोटाचा भाग ओस पडतो, कचेऱ्यांना कुलपे लागतात आणि पदपथावरची वर्दळ आटते. म्हणून दिवस कामाचाच निवडावा. ऋतू पौष-माघाचा बरा, कारण एरवी मुंबईच्या दमट हवेत दुपारी चालणे उतारवयात सोसत नाही. पुण्याहून येणाराने दख्खनच्या राणीने यावे. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी सकाळी सव्वासातला पुणे सोडते आणि साडेदहाच्या आत बोरीबंदरला पोहोचते. तिच्यातल्या पासधारकांच्या नित्याच्या गप्पा ऐकता ऐकता घाट उतरून जातो, आणि कल्याण मागे पडून दोन्ही अंगांनी लोकलगाड्या धावू लागल्या की आपल्याही अंगात जुनी लगबग जागी होते. ती त्या दिवसापुरती आवरावी. नातेवाइकांना कळवू नये, खरेदीची यादी घेऊ नये. जेवणाची वेळ एखाद्या घरी ठरवून ठेवली की सगळा दिवस त्या वेळेच्या धाकात जातो.

स्टेशनाबाहेर पडल्यावर लगेच चालू न लागता रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूस उभे राहावे आणि मागे वळून पाहावे. कोटातल्या एका कचेरीत नोकरी करीत असताना स्टेशनाच्या या इमारतीवरून मी असंख्य वेळा गेलो, आणि तिच्यावरच्या घड्याळाखेरीज दुसरे काही पाहण्याचे मला कधी कारण पडले नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या स्थापत्यविशारदाच्या आराखड्याबरहुकूम १८७८ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. २००४ मध्ये तिची गणना जागतिक वारशात झाली. घुमटाच्या माथ्यावर प्रगतीची मूर्ती आहे, प्रवेशद्वाराच्या खांबांवर एका बाजूस सिंह आणि दुसऱ्या बाजूस वाघ आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु सवडीने पाहणाराची नजर ठरते ती खालच्या कमानींवर, जेथे सर ज. जी. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी मोर, माकडे, पानाफुलांच्या वेली अशा बारकाईने कोरल्या आहेत की, एका खांबावरचे पान दुसऱ्या खांबावर तसेच्या तसे सापडत नाही. ही कारागिरी येथल्या हातांची आहे, आणि तिच्याखालून रोज लक्षावधी माणसे मान वर न करता जातात.

याच जागेच्या आसपास, जुन्या बोरीबंदरच्या फलाटावरून, १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी या देशातली प्रवाशांची पहिली आगगाडी ठाण्याकडे निघाली. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित, आणि ओढायला साहिब, सिंध व सुलतान अशी नावे दिलेली तीन इंजिने, असा तो लवाजमा होता. हा लोहमार्ग व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे मुंबईकरांचे नाना, अग्रभागी होते. ठाण्यापर्यंतच्या त्या एकवीस मैलांच्या रुळांचे महत्त्व आपण एरवी इतिहासाच्या पुस्तकातले म्हणून सोडून देतो. पण माझ्यासारख्या मुंबई सुटलेल्या माणसाच्या आयुष्याची सगळी वाटचाल त्या रुळांनी ठरवलेली आहे. कोकणातून आणि देशावरून मुंबईला माणसे आणली ती याच मार्गांनी आणि बंदरावरच्या आगबोटींनी. आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी याच रुळांनी ती माणसे झोपण्यापुरती शहराबाहेर नेऊन ठेवली, पण कामाला मात्र रोज परत आणण्याचे चालू ठेवले. दिवसभर मी जे पाहिले त्याचा धागा मला तरी हाच सापडला.

बोरीबंदरहून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकाकडे चालत जावे. आपल्या वेळची मुंबई राहिली नाही असे म्हणत जे हळहळतात, त्यांनी या रस्त्यावर चालताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती अशी की, या शहरात अमुक एका काळचे रूप कायम राहावे असा शिरस्ता कधीच नव्हता. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनी सरकारच्या हवाली केली तेव्हा मुंबई म्हणजे सात बेटे होती. वरळीची खाडी अडवणारा हॉर्नबीचा बांध अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घातला गेला, आणि त्यानंतर टेकड्या फोडून, तळी बुजवून, समुद्र मागे रेटून शहराची जमीन तयार होत राहिली. ज्याला आपण अजून कोट म्हणतो, त्या कोटाची तटबंदीसुद्धा सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६२ नंतरच्या थोड्या वर्षांत, जमीनदोस्त झाली. अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट या तिन्ही वेशी गेल्या, आणि चर्चगेटच्या वेशीच्या परिसरात १८६४ मध्ये फ्लोराचे कारंजे उभे राहिले. नेमक्या त्याच सुमारास, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ हे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीत एखाद्या शहराचे असे सांगोपांग वर्णन त्यापूर्वी झालेले नव्हते. ज्या भिंती त्यांच्या डोळ्यांदेखत पडत होत्या, त्यांच्याविषयी शोक करीत न बसता, कोणत्या मोहल्ल्यात कोण राहतो, कशाचा व्यापार करतो, काय खातो, कोणती देवळे बांधतो, याची त्यांनी जी नोंद करून ठेवली, ती आज वाचताना मला फार मोलाची वाटते. भिंतीपेक्षा वस्तीवर त्यांची दृष्टी होती, आणि जुन्या मुक्कामी परतणाराने तीच दृष्टी ठेवावी असे माझे मत आहे.

हुतात्मा चौकात मात्र प्रत्येक मराठी माणसाने थांबलेच पाहिजे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच ठिकाणी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांच्या त्या शिल्पासमोरून कचेरीत जाताना माझे वडील क्षणभर थांबून हात जोडीत, आणि मुंबई कोणाची या प्रश्नाचा निकाल एकदाचा लागला असे त्यांच्या पिढीला मनापासून वाटत होते. राज्याच्या हद्दीपुरता तो लागला. राहत्या घरापुरता तो कसा अनिर्णित राहिला, हे दुपारी गिरगावात गेल्यावर दिसते.

तेथून पूर्वेस पाच-सात मिनिटांच्या अंतरावर हॉर्निमन सर्कलचा बगीचा आणि त्याच्या समोर टाउन हॉल. बगीच्यातल्या झाडांखाली थोडे बसून मग टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढाव्यात. १८३३ मध्ये पुरी झालेली ही इमारत, आणि १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापिलेल्या ज्ञानमंडळातून वाढलेली एशियाटिक सोसायटी, यांचा मुंबईच्या विद्येवर केवढा उपकार आहे, हे भाऊ दाजी लाडांसारख्यांची नावे घेतली म्हणजे कळते. दान्तेच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रत येथे आहे, म्हणून परदेशी विद्वान येतात. पण सामान्य वाचकासाठी येथले खरे वैभव निराळे आहे. उंच छताखाली लांब दांड्यांचे पंखे संथपणे फिरत असतात, एल्फिन्स्टन आणि नाना शंकरशेट यांचे संगमरवरी पुतळे एकाच वास्तूत नांदत असतात, आणि वर्तमानपत्रांच्या लांब मेजाशी निवृत्त माणसे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचीत बसलेली असतात. कोणी कोणाला हटकत नाही. त्यांच्यातल्या एकाशी बोलणे झाले. ते नालासोपाऱ्याहून येतात. सकाळची गर्दी ओसरल्यावर निघतात आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत परततात. पूर्वी ते ठाकुरद्वारला राहत. “घर गेलं, पण वाचनालय कसं सोडू?” असे ते म्हणाले, आणि चष्मा पुसून पुन्हा अग्रलेखाकडे वळले.

दुपारचे खाणे धोबीतलावाच्या बाजूस जाऊन इराण्याकडे करावे. १९०४ पासून चालणारे कयानीचे दुकान अजून आहे. संगमरवरी मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बनमस्का आणि कडक चहा यांत फारसा फरक पडलेला नाही. इराण्यांची बरीचशी दुकाने मात्र गेली, आणि त्यांच्या जागी जे आले त्याचे वर्णन करण्यात वेळ घालवावा असे त्यात काही नाही.

पोट भरल्यावर गिरगावात दोन मार्गांनी जाता येते. चालायचे झाल्यास चिराबाजारातून ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंतचा रस्ता आजही रसरशीत आहे. परंतु मी मुद्दाम भुयारी मेट्रोने गेलो, कारण ज्या जमिनीवर आपण वाढलो तिच्या पोटातून जाण्याचा योग पूर्वी कोणाला आलेला नव्हता. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावली. त्यानंतर गिरगावच्या रस्त्यांवरून ट्रामने जाण्याची सोय उरली नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंतचा सुमारे साडेतेहतीस किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला, आणि काळबादेवी, गिरगाव ही नावे स्थानकांच्या पाट्यांवर चढली. गाडी थंडगार, स्वच्छ आणि वेळेवर असते. वृद्ध माणसांना उद्वाहक आहेत, सरकते जिने आहेत. जे चांगले आहे त्याला चांगले म्हणण्यात कुचराई करू नये. त्याचबरोबर हेही विसरता येत नाही की, काळबादेवी आणि गिरगाव या दोन स्थानकांसाठी रस्त्याच्या कडेच्या जुन्या इमारती पाडाव्या लागल्या, तेथल्या कुटुंबांना बिऱ्हाडे हलवावी लागली, आणि त्याच जागी नवी घरे मिळण्याच्या वचनावर त्यांनी पुढली वर्षे काढली.

जमिनीवर आल्यावर आपण ज्या गिरगावात उभे राहतो त्याची थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली, आणि त्यानंतर एतद्देशीय लोकांची वस्ती कोटाबाहेर काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या भागांत वाढत गेली. नारळीपोफळीच्या वाड्या होत्या, त्यांच्या नावांनी मोहल्ले झाले: फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. दादोबा वामन खोत यांच्या वतनाची खोताची वाडी, तिच्यातल्या लाकडी कठड्यांच्या बसक्या घरांसह, अजून अंशतः उभी आहे, आणि येथे येणाऱ्याने ती पाहिल्यावाचून जाऊ नये. पुढे कापसाच्या व्यापाराने शहराची भरभराट झाली, कचेऱ्या आणि शाळा वाढल्या, आणि त्यांत काम करणाऱ्या कारकुनांना, मास्तरांना, मुद्रकांना चालत कामावर जाता येईल अशा अंतरावर एकेक खोली हवी होती. त्या गरजेतून चाळ आली. १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव केशवजी नाईकांच्या चाळीत झाला. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ याच गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात लोकांनी पाहिला, आणि १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट मॅजेस्टिकमध्ये लागला. १९३५ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला आणि केळेवाडीत त्याचे नाट्यगृह उभे राहिले. एवढ्याशा टापूत एवढे सगळे घडले, याचे कारण घरे लहान होती आणि माणसे घराबाहेर एकत्र येत होती, असे मला वाटते.

चाळीची रचना ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मजल्यावर एका ओळीत खोल्या, प्रत्येक साधारण दहा बाय बाराची, मागे लागून स्वयंपाकाची चिंचोळी जागा आणि मोरी. पुढे सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. टोकाला सामाईक संडास. आमच्या चाळीचा जिना लाकडी आणि इतका उभा की, वरच्या तुळईपासून खालपर्यंत एक जाड दोर सोडलेला होता, आणि त्याला धरून म्हाताऱ्या बायका चढत. तो दोर आजही आहे, म्हणजे तो बदलत आले आहेत. हाताच्या घामाने काळा, गुळगुळीत झालेला, आणि जेथे वळण येते तेथे गाठ मारलेली, ती गाठ माझ्या बोटांना नेमकी ठाऊक होती. पायऱ्यांच्या मधल्या भागाला झिजून खळगे पडले आहेत. गॅलरीच्या कठड्यावर वाळवणाच्या साड्या, खोल्यांच्या दारांशी पाण्याची पिंपे, आणि पिंपांवर उपडी घातलेली तांब्याची भांडी, कारण नळाला पाणी येते ते पहाटे, आणि ते तास-दीड तासाच्या वर टिकत नाही.

शेजारच्या काकू गॅलरीत पाट टाकून मटार सोलीत बसल्या होत्या. “अरे, आलास? न कळवता?” असे म्हणून त्यांनी मला आधी आत जाऊन हातपाय धुवायला लावले, आणि मग ताटली माझ्याकडे सरकवून मलाही मटार सोलायला बसवले. काका गेले, मुलगा विरारला राहतो, नातू तिकडच्या शाळेत. त्या मात्र येथेच. भिंतीला टेकू लावलेले होते, छताच्या एका कोपऱ्यात ओल उतरलेली होती, आणि कपाटावर पुनर्विकासाच्या जाड करारनाम्याची प्रत ठेवलेली होती.

त्या करारनाम्याचा इतिहास जाणून घेतल्यावाचून जुन्या मुंबईचे आज काय चालले आहे ते कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाड्यांना आळा घालणे भाग पडले, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाणभूत धरले. त्यामुळे कुळाला संरक्षण मिळाले, आणि मध्यमवर्गीय मराठी माणूस शहराच्या मध्यभागी दोन-तीन पिढ्या राहू शकला, हे या कायद्याचे मोठे उपकार. पण त्या भाड्यात इमल्याची डागडुजीही होईना, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. आणि खोली हस्तांतरित करताना नवे कूळ जी रक्कम मोजी, तीत मालकाचा हिस्सा ठेवणारी पागडीची वहिवाट रूढ झाली, जिला १९९९ च्या कायद्याने पुढे मान्यता दिली. इमारती खचू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर बसवण्यात आला, आणि अशा १९,००० हून अधिक इमारतींची जबाबदारी सरकारी मंडळाकडे आली. मोडकळीस आलेल्या चाळीतले लोक संक्रमण शिबिरात हलवले जात, आणि शिबिरातला मुक्काम लांबत लांबत कित्येकांची उमर तेथेच गेली. आता विकासक येतो, बहुसंख्य भाडेकरूंची संमती घेतो, जादा बांधकामाची परवानगी मिळवतो, आणि जुन्या रहिवाशांना विनामूल्य घर देऊन उरलेले मजले बाजारभावाने विकतो.

कागदावर या व्यवहारात कोणाचे नुकसान दिसत नाही, आणि संडासासाठी पहाटे रांगेत उभे राहिलेल्या बाईला स्वतःच्या न्हाणीघराची किल्ली मिळणे ही मुळीच लहान गोष्ट नाही. चाळीविषयी गोड आठवणी लिहिणाऱ्यांनी, माझ्यासह, हे मान्य केलेच पाहिजे. अडचण निराळ्या ठिकाणी आहे. काकूंनी ती दोन वाक्यांत सांगितली. “घर फुकट रे, पण महिन्याचा मेंटेनन्स कोण भरणार? यांच्या पेन्शनीत तो बसत नाही.” उंच इमारतीची उद्वाहने, पंप, पहारेकरी, दिवे यांचा मासिक खर्च चाळीच्या वर्षाच्या भाड्याहून कितीतरी अधिक होतो, तेव्हा नवे घर हाती आले तरी पुष्कळ कुटुंबे काही वर्षांत ते विकतात आणि त्या पैशांत विरारला किंवा डोंबिवलीला दोन घरे घेतात. कायद्याने कोणी कोणाला हुसकून लावीत नाही, आणि तरीही वस्ती रिकामी होते. माझ्या मते पुनर्विकासाच्या धोरणात घराच्या क्षेत्रफळाइतकाच या मासिक खर्चाचा विचार आरंभापासून झाला पाहिजे. तो विकासकाकडून घेतलेल्या ठेवीच्या व्याजातून दीर्घकाळ भागवला जावा, आणि ही ठेव किती असावी ते करारनाम्यात बिल्डरच्या मर्जीवर न सोडता सरकारने ठरवून द्यावे. असे झाले नाही तर गिरगावात स्थानक राहील, पाटी राहील, आणि त्या पाटीखाली उतरणारे गिरगावकर मात्र कामापुरते येऊन संध्याकाळी परत जातील.

काकूंकडचा चहा झाल्यावर उन्हे उतरताना चौपाटीवर जावे. येथे १ ऑगस्ट १९२० रोजी, सरदारगृहात देह ठेवलेल्या लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले, आणि त्या जागी त्यांचा पुतळा आहे. थोडा वेळ वाळूत बसून चर्नी रोडला धीमी लोकल धरावी. संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत उभे राहण्यास जागा मिळणे हाच लाभ समजावा. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेला दिवसाकाठी एक गाडी येई आणि एक जाई, असे सांगितले तर डब्यातल्या कोणाचा विश्वास बसणार नाही. महालक्ष्मी सोडून लोअर परळ येते तेव्हा खिडकीतून काचेचे मनोरे दिसतात. तेथे धुराडी होती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा पाया घातल्यापासून वाढत गेलेले हे गिरणगाव, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगार उतरलेल्या संपानंतर सावरले नाही. पहाटेचा भोंगा आमच्या गिरगावापर्यंत ऐकू येत नसे, पण परळला मावशीकडे मुक्कामाला गेलो की तो ऐकूनच उठावे लागे. त्या मावशीची मुले आज बदलापूरला आहेत.

दादरला उतरलो. हे दादरही एका स्थलांतरातूनच आकारास आले आहे: १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचे धोके दाखवून दिल्यावर १८९८ मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले, आणि त्याने दादर-माटुंग्याच्या रानात आखीव रस्ते व मोकळ्या वसाहती उभ्या केल्या. गिरगावातून बाहेर पडणाऱ्यांचा पहिला टप्पा तो होता. त्यानंतर पार्ले, मग बोरिवली-डोंबिवली, आणि आता त्याच्याही पलीकडे. फरक एवढाच की, त्या पिढीने दादरला बिऱ्हाड केले तेव्हा वाचनालये, शाळा आणि मैदाने आधी आखलेली होती, आणि पुढच्या पिढ्यांना ती मागाहून, स्वतःच्या वर्गणीतून उभी करावी लागली.

१९१० पासून चालत आलेल्या मामा काण्यांच्या उपाहारगृहात चाळीतले दोन जुने सोबती मला भेटायला आले होते. दोघेही डोंबिवलीचे, आणि दोघेही त्या दिवशी कामावरून परस्पर आलेले. काकूंनीच त्यांना फोन केला होता. बटाटेवड्याची बशी मध्ये ठेवून एकाने पिशवीतून पावतीपुस्तक काढले, कारण माघातल्या चाळीच्या सत्यनारायणाची वर्गणी जमा करण्याचे काम यंदा त्याच्याकडे आहे. मी पैसे दिले, त्याने पावती फाडली, आणि मग दोघांचा वाद सुरू झाला. एकाचे म्हणणे असे की, निम्म्याहून अधिक घरे आता डोंबिवलीत आहेत, म्हाताऱ्यांना गिरगावचा जिना चढवत नाही, तेव्हा पूजा तिकडच्या सभागृहात करावी. दुसऱ्याचे म्हणणे की, चाळ उभी आहे तोवर पूजा चाळीच्याच गॅलरीत झाली पाहिजे, आणि म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून वर न्यायला तरुण मुले आहेत की. मी दुसऱ्याच्या बाजूने मत दिले. पहिला म्हणाला, “तू पुण्याहून येणार आहेस का उचलायला?” येईन, असे मी त्याला सांगितले, आणि त्याने तिथल्या तिथे पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर उचलणाऱ्यांच्या यादीत माझे नाव लिहून घेतले.